गोडं पाणी

पपईचा ट्रक हर्णेहून रिकामा परतला
आणि फाळक्यातून गोणपाटात गुंडाळलेलं एक इंजन उतरलं,
त्याच्या मागून उखडू भोई.
तीन वर्षं दर्यावर खलाशी.
शेवटच्या सात महिन्यांचा पगार म्हणजे हे.
मालकाने वही मिटली, याच्याकडे बोट दाखवलं,
एवढंच त्याने सांगितलं.

मी विहिरीवरच्या डिझेल इंजनांचा मिस्त्री.
सारंगखेड्याच्या दोन्ही काठांवर कुठला पंप कसा खोकतो
ते अंधारात सांगेन.
पण हे उभं इंजन, खाली लांब पाय, पायाला पंखा,
याच्या अंगात पाणी शिरतं कुठून, निघतं कुठून
हे कळायला तीन प्रदक्षिणा घातल्या.
बाजूला करंगळीएवढं भोक.
उखडू म्हणाला, "आठून मुतना तं जित्ता,
नही तं मरना समज."

डांबराचं पिंप वरून कापलं, त्यात पाय बुडवला.
दोरी ओढली. पेटलं.
धार नाही.
हात लावला तर डोकं तव्यासारखं. बंद केलं.

खोललं.
रबराच्या चाकाच्या सहा पाकळ्यांपैकी दोन जागेवर,
चार कुठल्या खाडीत राहिल्या कोण जाणे.
पाण्याच्या सगळ्या वाटा मिठाने लिंपलेल्या,
आमच्या चुलीची आतली भिंत जशी काजळीने,
फक्त पांढऱ्या.
पायाला एक कडक शिंपलं, ज्वालामुखीच्या चित्रासारखं,
झिप्रूच्या पोरीने नखाने उचकटलं
आणि शाळेच्या कंपासपेटीत ठेवून दिलं.

तापी इथून समुद्राकडेच जाते, जन्मभर.
समुद्र उलटा चढून आमच्याकडे
पहिल्यांदाच आला असेल,
तोही ट्रकने.

चाक सुरतेहून आलं, तिसऱ्या दिवशी.
आता पाणी.
बॅरेजमागचं पाणी चैत्रात ताकासारखं घट्ट, हिरवं,
ते पाजलं तर मिठाच्या जागी शेवाळ.
नळ चौथ्या दिवशी येतो.
मी म्हणालो, बारा हंडे तरी लागतील.
उखडूच्या आईने ओळीत ठेवलेल्या हंड्यांकडे पाहिलं.
"गोडं पानी लोखंडले पाजस का कोनी?"
आणि पहिला हंडा तिनेच उचलला.

किराण्यातून पाव किलो लिंबूसत,
उन्हाळ्यात सरबताला नेतात तेच.
रात्रभर मुरू दिलं.
ती रात्र उखडू पिंपाशेजारीच झोपला,
बोटीवर झोपतात तसा,
एक पाय कशाला तरी अडकवून.

सकाळी दोरी.
आधी उचकी. मग थेंब. मग थांबलं.
मी तार घेऊन भोकात घालणार
तेवढ्यात गंजाच्या रंगाची पिचकारी माझ्या सदऱ्यावर.
पोरं हसली. मीही.
खडे पडत होते, पापुद्रे पडत होते,
वाटाण्याएवढी एक गाठ पिंपात टपकन वाजली.

उखडूने ओंजळ धरली, जीभ लावली.
"खारं शे."
पाणी बदललं.
"आजून खारं शे."
पुन्हा बदललं. आठ हंडे संपले.
आल्यापासून तो भाजीत मीठ घालू देत नव्हता,
म्हातारी आळणी रांधत होती, काही विचारत नव्हती.
तिसऱ्या पिंपाला त्याने ओंजळ धरली
आणि नुसती धरून ठेवली,
भरून सांडली तरी.

मग तिनेच बोट लावून पाहिलं.
"आते गोडं शे," म्हणाली,
"बंद कर. उरेल दोन हंडा मले दायले लागतीन."

इंजन बंद. धार बारीक झाली, तुटली.
ते पाणी परसात ओतू नका, वांगी जळतील, असं झिप्रू म्हणाला,
म्हणून आम्ही पिंप रस्त्यावर कलंडलं.
दुपारपर्यंत ते वाळून मातीवर फिकट पांढरी कड उमटली.

चार वाजता बाबूच्या शेळ्या नदीवरून परतल्या.
पुढची थांबली, हुंगलं, चाटलं.
मग सगळ्याच थांबल्या, माना खाली घालून,
आणि बाबू पाचोळ्यासारख्या आवाजात
हाकत राहिला, हाकत राहिला,
एक हलेल तर शपथ.